जुन्या सागवानी तुळयांपासून डायनिंग टेबलचा टॉप घरच्या घरी बनवता येईल का? पावसाळ्यात वाकणार नाही ना?

येईल की. तुम्ही लिहिलंय त्यावरून गावचं घर उतरवल्यावर निघालेल्या तुळया तुमच्याकडे आहेत, हाताशी ड्रिल आणि सँडर आहे, आणि सुतार म्हणतोय कशाला नसता उद्योग, प्लाय आणा, वर सागाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवून देतो. त्याचंही चूक नाही, प्लाय फारसा फुगत-आक्रसत नाही आणि त्याचं काम झटपट उरकतं. पण आजोबांच्या वेळचं सागवान पडून असताना विनियर लावायचं म्हणजे घरात हापूसची पेटी असताना मँगो ज्यूसचं पाकीट फोडण्यातला प्रकार आहे, त्यामुळे माझं मत विचाराल तर सॉलिडच करा.

आधी तुळयांवर चुंबक फिरवा. जुन्या लाकडात खिळे कुठे कुठे मुरलेले असतात काही नेम नाही, आणि वखारीत पट्टा करवतीला एक खिळा लागला की पातं गेलं, म्हणून काही वखारवाले जुनं लाकूड बघूनच नको म्हणतात. खिळे काढून नेलंत तर कापून देतात. सव्वा इंचाच्या फळ्या पाडून घ्या, थोडे दिवस घरात मुरू द्या (ते पुढे सांगतो) आणि मग परत नेऊन मशीनच्या रंध्यावर इंचभर जाडीला आणून घ्या, हाताने एवढा टॉप सपाट करायची हौस असेल तर करा पण खांदे भरून येतात. सहा जणांसाठी ५ फूट बाय ३ फूट पुरतो, माणशी २ फूट जागा धरायची. हिशोबाने लाकूड दीड घनफुटाच्या आसपास येतं, पण चिरा, खिळ्यांची भोकं आणि काठाचं फिकट पांढरट लाकूड (हे टाकायचंच, कीड पहिली तिथेच लागते) वजा जातं, त्यामुळे अडीच घनफूट धरून चाला.

आता मुरवायचं. तुळई जुनी असली तरी आतला भाग पहिल्यांदाच उघडा पडतो, फळी पाडल्यावर ती थोडी तरी हलतेच. म्हणून ज्या खोलीत टेबल राहणार त्याच खोलीत फळ्या एकीवर एक, मध्ये बारीक पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू नका.

जोडणीला लोक उगाच घाबरतात. एका फळीच्या लांबीच्या काठाला दुसरीचा तसाच काठ नीट बसला की नुसता फेविकॉल पुरतो, ओढून तोडायला गेलात तर सांध्याच्या शेजारचं लाकूड फाटतं, सांधा नाही. डॉवेल (लाकडी खुंट्या) घालायचे ते फळ्या वरखाली सरकू नयेत म्हणून, ताकदीसाठी नाही. सगळा खेळ काठ सरळ करण्यात आहे. सुताराकडून लांब रंधा मागून घ्या आणि हे करून बघा: ज्या दोन फळ्या शेजारी येणार त्यांच्या वरच्या बाजू आमनेसामने ठेवून, जुळणारे काठ वर करून दोन्ही एकत्र आवळा आणि दोन्ही काठांवर एकदमच रंधा मारा. रंधा जरा कलला तरी एका काठाचा कोन जेवढा जास्त तेवढाच दुसऱ्याचा कमी होतो आणि फळ्या उघडून जोडल्या की सपाट बसतात. मग एक फळी दुसरीवर उभी करून खिडकीसमोर धरा, फटीतून उजेड दिसत असेल तर अजून दोन हात मारा. टोकांना उजेड दिसणं वाईट, मध्यावर केसाएवढी फट असेल तर चालते, आवळल्यावर ती मिटते.

साग तेलकट असतो, त्यामुळे काठ रंधल्यावर लगेच, त्याच दिवशी चिकटवा, आधी थिनरचं फडकं फिरवून. डायनिंग टेबल आहे, पाणी सांडणारच, म्हणून साधा नको, वॉटरप्रूफ फेविकॉल घ्या. लांब क्लॅम्प महाग पडतात, त्यावर जुन्या सुतारांची युक्ती आहे, खाली भक्कम पाट (सपाट फळा) घेऊन दोन बाजूंना दोन रिपा ठोकायच्या आणि रीप आणि फळीच्या मध्ये समोरासमोरून पाचरी मारायच्या, काम अगदी क्लॅम्पसारखं होतं. खाली कागद घाला नाहीतर टॉप पाटालाच चिकटेल. दिवसभर हात लावू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, पावसाळा. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही पण रुंदीला मे आणि ऑगस्टमध्ये ३ फुटांत ५-६ मिलिमीटर फरक सहज पडतो आणि तो तुम्ही थांबवू शकत नाही. थांबवायला गेलात की टॉप चिरतो. त्यामुळे चारी बाजूंनी फ्रेम चिकटवायचं डोक्यातून काढा, आणि टॉपच्या खालून रुंदीला आडव्या मारायच्या पट्ट्यांना अजिबात फेविकॉल नको, फक्त स्क्रू. त्यातही मधल्या स्क्रूचं भोक गोल आणि बाकीची पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट, वॉशर घालून, म्हणजे टॉप मधून दोन्हीकडे सरकायला मोकळा. पाय लोखंडी करणार असाल तर फॅब्रिकेटरलाही हेच सांगा, समोर उभं राहून सांगा, कारण तो गोलच भोक पाडणार.

वाकण्याचं दुसरं कारण म्हणजे वरून तीन हात पॉलिश आणि खालून कोरडं लाकूड. मग दमट हवा एकाच बाजूने शिरते आणि टॉप पन्हळीसारखा होतो. जेवढे हात वरून तेवढेच खालून द्या, फळ्यांच्या टोकांना तर जास्तच. पॉलिश पेपर ८० नंबरपासून १२०, १८०, २२० असा चढत जा. टेबल फार जपणारं घर नसेल तर पीयू (पॉलीयुरेथेन पॉलिश) मारा, पण गरम कुकर त्यावरही थेट ठेवू नका. मला स्वतःला जवसाचं तेल आवडतं, डाग पडला तर तेवढीच जागा घासून परत तेल लावता येतं, पण पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, दिवाळीनंतर लावा. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच फेका.