'ह्विद'ला 'श्वेतमुद्रा' म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेतल्या त्रोनहाइमच्या आर्चबिशपांनी (म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनी) मध्ययुगाच्या अखेरीस पाडलेल्या नाण्यांना 'ह्विद' म्हणत. शब्दाचा अर्थ 'पांढरा'. मग मराठीत 'श्वेतमुद्रा' लिहिले तर चालेल का?

अर्थ बरोबर आहे, तरी शब्द घेऊ नये. 'ह्विद' आणि आपला 'श्वेत' एकाच कुळातले, हे खरे. चांदीच्या नाण्याला रंगावरून हाक मारायची खोडही जुनीच: जर्मनीतल्या लुबेक शहराचा 'विटन', तिथल्याच कलोनच्या आर्चबिशपांचा 'आल्बुस', तुर्कांचा 'अक्चे', सगळ्यांच्या पोटात 'पांढरा'च. आपण रंगाऐवजी धातू धरला. 'रुपया' हा 'रूप्य'वरून, म्हणजे रुप्यावरून आला.

पण नाव रूढ झाले की रंग विसरला जातो आणि उरते ती किंमत. ४ पेनिंगांचा (हे लहान नाणे) १ ह्विद, ३ ह्विदांचा १ स्किलिंग (हे मोठे), असा हिशेब होता. शिवाय हे 'पांढरे' नाणे पुढे पुढे फारसे पांढरे राहिलेच नाही. चांदीत तांब्याचे हीण मिसळलेले. 'श्वेतमुद्रा' वाचून डोळ्यांपुढे चोख चांदी येते, ती दिशाभूल. त्यातून 'मुद्रा' म्हटले की निम्म्या वाचकांना शिक्काच आठवेल, आणि आर्चबिशपांच्या कागदपत्रांवर तोही असायचाच!

'चर्चचे नाणे' हा शब्दप्रयोग मात्र बेलाशक करा. नाणी पाडण्याचा हक्क १२७७ मध्ये राजा माग्नुसने आर्चबिशप योनला दिला होता. राजा वारल्यावर तो लवकरच काढून घेतला गेला. ह्विद पाडले गेले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, गाउते इवार्सन यांच्यापासून ओलाव्ह एंगेलब्रेक्टसनपर्यंतच्या आर्चबिशपांच्या काळात. १५३७ मध्ये ओलाव्ह देश सोडून पळाले आणि हा प्रकार थांबला. त्यांची टांकसाळ आर्चबिशपांच्या वाड्यातच होती, हे १९९०च्या दशकातल्या उत्खननात दिसले.

डॅनिशमध्ये हा शब्द अजून जिवंत आहे. 'माझ्याकडे एक ह्विदही नाही' असे तिथे म्हणतात. असे वाक्य भाषांतरात आले तर ह्विद सोडून सरळ 'फुटकी कवडी' घाला. इतरत्र 'ह्विद'च ठेवा, पुल्लिंगी, 'डॉलर'सारखा: एक ह्विद, तीन ह्विद.