एडिंबरामधली जमिनीखालची ‘मेरी किंग्ज क्लोज’ ही झपाटलेली गल्ली सात वर्षांच्या मुलाला दाखवावी का? घाबरेल का तो?

तुम्ही त्याला आधी काय सांगून आत नेता, त्यावर ते आहे. आमच्याकडे ते सांगायचं काम माझ्या थोरल्या भावाने केलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

माझा मुलगाही तेव्हा सातचाच होता. दादा-वहिनी, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आणि आम्ही तिघं. आत सोडायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात दादाने दोन्ही पोरांना जवळ घेऊन सांगितलं, “१६४५ साली इथे प्लेग आला, तेव्हा गल्लीची तोंडं विटांनी बंद करून आतल्या सगळ्यांना जिवंत चिणलं.” भाचा खूश. माझं पोर एकदम गप्प झालं. मग हळूच म्हणालं, “मामा, त्यांच्या हाका बाहेर ऐकू यायच्या?”

दादा हसला. मला अजिबात हसू आलं नाही.

आत छत बुटकं, उजेड जेमतेम, पायाखाली उतार. गाईड त्या काळच्या रहिवाशाच्या वेषात असतो आणि त्याच्याच तोंडून सगळं सांगतो. बाकीचे त्याच्याकडे बघत होते. माझा मुलगा मात्र प्रत्येक खोलीत भिंतीपासून बोटभर अंतरावर कान नेऊन उभा राहायचा. हात न लावता. मी दोनदा त्याला मागे ओढलं, तिसऱ्यांदा ओढवेना.

प्लेगच्या खोलीत आजारी माणसांचे पुतळे आहेत आणि चोचीच्या मुखवट्यातला डॉक्टर. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गाठीचा ताप म्हणायची, तोच हा रोग. गाठ फोडायची आणि जखम तापल्या सळईने डागायची, हा इलाज. डॉक्टरचं नाव जॉर्ज रे. आधीचा डॉक्टर प्लेगनेच गेला, म्हणून याला वाढीव पगारावर नेमलं. हा जगला, पण ठरलेले पैसे मिळवायला पुढे कित्येक वर्षं शहराकडे तगादा लावत बसला. दूषित हवा आत येऊ नये म्हणून घातलेल्या जाड चामडी अंगरख्याने त्याला खरं तर प्लेग पसरवणाऱ्या पिसवांपासून वाचवलं असावं.

तिथेच गाईडने स्वच्छ सांगितलं की कोणालाही चिणलं नव्हतं. ज्या घरात आजार शिरला, त्या घराच्या खिडकीला पांढरं फडकं बांधायचे. मग शहराने नेमलेली माणसं तिथे पाव आणि कोळसा पोचवायची. बऱ्याच आजाऱ्यांना शहराबाहेरच्या माळावर झोपड्यांत हलवलं होतं. गल्ली गाडली गेली ती पार नंतर. १७५३ साली वर रॉयल एक्स्चेंज ही व्यापाऱ्यांसाठीची इमारत बांधायला घेतली, तेव्हा घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे पाया म्हणून ठेवले.

मी हे मुलाच्या कानात मराठीत सांगत होते. त्याने विचारलं, “मग पाव आणून देणारा आजारी नाही पडायचा?” त्यानंतर त्याने एकदाही भिंतीजवळ कान नेला नाही. पुढच्या प्रत्येक खोलीत आधी खिडकी शोधली.

रात्री मी दादाला बोलले. त्याचं ठरलेलं उत्तर, “थोडी भीती घातल्याशिवाय पोरांच्या डोक्यात इतिहास राहत नाही, तू उगाच मनावर घेतेस.” लहानपणी मला माळ्यावरच्या पेटाऱ्याची भीती घालायचा, तेव्हाही हेच म्हणायचा. दादा, आता चार वर्षं झाली. तुझा मुलगा अजून मित्रांना चिणलेल्या माणसांची गोष्ट सांगतो, आणि ती खोटी आहे. माझा मुलगा पाव पोचवणाऱ्या माणसाबद्दल सांगतो. इतिहास कोणाच्या डोक्यात राहिला?

तर न्या. जरूर न्या. फक्त भुतांच्या गोष्टी ऐकवून नेऊ नका. तिथे बाहुल्यांनी भरलेली एक खोली आहे. १९९२ साली एका जपानी मांत्रिक बाईंना तिथे ॲनी नावाच्या मुलीचं भूत जाणवलं म्हणे. त्यांनी एक बाहुली ठेवली आणि तेव्हापासून येणारे लोक खेळणी ठेवत गेले. ही गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगा. लोक खेळणी ठेवतात हे खरं, भूत आहे हे नव्हे.

आणि हो, पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, धाकटं भावंड असेल तर कोणीतरी बाहेर थांबावं लागेल. फेरी तासाभराची. बंद जागेत जीव घाबरा होणारं मूल असेल तर मी वर लिहिलेलं सगळं सोडा आणि नेऊच नका, तिथे खरी माहिती सांगूनही उपयोग होणार नाही. वयाबद्दल नेमकं विचारलंत, तर आमचा सातव्या वर्षी निभावला. पण त्याचा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता.