शाळेच्या दिवशी सकाळी उशिरा जाग आली तर तुम्ही काय करता? घाईत काय सोडता आणि काय सोडत नाही?

सगळ्यात आधी व्हॅनवाल्या काकांना फोन. तोंड धुण्याआधी, मुलीला उठवण्याआधी. "काका, आज थांबू नका, मी सोडतो." एवढं बोललं की अर्धी धांदल तिथेच संपते. व्हॅन गल्लोगल्ली फिरत पोरं गोळा करते, म्हणून आमच्याकडे ती साडेसहाला येते. शाळा भरते सात दहाला. तेच अंतर स्कूटरवर, पावणेसातला कोपर पूल बऱ्यापैकी मोकळा असताना, बारा मिनिटांचं आहे. म्हणजे सहा पंचवीसला डोळे उघडले तरी आवरायला पंचवीसेक मिनिटं मिळतात. शिवाय आपल्यासाठी व्हॅन खोळंबली की आत बसलेल्या बाकीच्या मुलांनाही उशीर होतो, तेही टळतं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. बायको नर्स आहे, तिची रात्रपाळी असली की सकाळ माझ्याकडे. मुलगी पाचवीत.

मुलीला उठवताना मी "उशीर झाला" हे शब्द तोंडातून काढत नाही. झोपेतून उठल्यावर मेंदूवरची गुंगी उतरायला पंधरा मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. एका पायात मोजा घालून भिंतीकडे बघत बसलेलं पोर हट्ट करत नसतं, ते अजून अर्धं झोपेत असतं. त्या वेळी ओरडून पाच गोष्टी सांगितल्या तर एकही डोक्यात शिरत नाही, फक्त रडू येतं, आणि रडणं थांबवण्यात दहा मिनिटं जातात. म्हणून दिवा लावायचा, पंखा बंद करायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि एकच गोष्ट सांगायची: बाथरूमला जाऊन ये. ती आली की पुढची.

अंघोळ सोडतो. हात-पाय-तोंड धुतलं की झालं, अंघोळ शाळेतून आल्यावर. इस्त्री सोडतो. पेलाभर दूध तर नक्कीच सोडतो, कारण घाईघाईत दूध ढोसून लगेच गाडीवर बसलं की मुलांना मळमळतं. त्यापेक्षा केळं बरं, किंवा दोन खजूर आणि थोडं पाणी. पण पोट साफ होण्यासाठीची पाच मिनिटं कधीच कापत नाही. बरीच मुलं शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं टाळतात आणि मग दुपारपर्यंत कळ काढत बसतात. उशिराची नोंद झालेली चालेल, हे चालणार नाही.

डब्यासाठी उपमा-पोह्यांच्या वाटेला जाऊ नका. रात्रीची पोळी तव्यावर तुपाचा थेंब सोडून गरम करायची, त्यावर गूळ चुरायचा आणि गुंडाळी करायची. दुसऱ्या पोळीला दाण्याची चटणी आणि तूप. तीन मिनिटांत डबा तयार, आणि मधल्या सुट्टीत तो संपतोच. आमच्याकडे रात्री दोन पोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या जातात, त्या अशा सकाळींसाठीच.

आता वेण्या. शाळेला दोन वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी लागतात. भांग मधोमध पाडून वेण्या कानांच्या मागे, अगदी खाली, मानेजवळ सुरू करायच्या. वर सुरू केल्या तर हेल्मेट नीट बसत नाही आणि पेड सैल होतात. टोकाला नुसतं रबर लावायचं. रिबिनी माझ्या शर्टाच्या खिशात. शाळेच्या फाटकाशी हेल्मेट काढलं की तिथेच उभ्या उभ्या फुलं बांधायची, मग ती चुरगळत नाहीत. हेल्मेट मात्र घाईतसुद्धा हवंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर ते कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि उशीर झालेला असताना आपण गाडी जास्त जोरात चालवतो.

उशिरा जाग येण्याचं मूळ बहुतेक घरांत सकाळी नसतंच, रात्री असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पावणेसहाला उठायचं तर पोर पावणेनऊला झोपलेलं हवं. ज्या घरात आई किंवा बाबा साडेआठच्या लोकलने उतरतात, तिथे जेवायलाच साडेनऊ होतात. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला, तो मला मनापासून पटला होता. एकाच इमारतीत दोन सत्रं भरवणाऱ्या शाळांची आणि बसवाल्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पाचवीत जाताच मुलांची झोपेची गरज काही दोन तासांनी कमी होत नाही. आमची मुलगी चौथीपर्यंत नऊला जायची, तेव्हा ती स्वतःहून उठायची. आता सातची शाळा आहे आणि तिला रोज हलवून उठवावं लागतं. हा आदेश किमान सातवीपर्यंत तरी न्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आणि एवढं करूनही फाटक बंद झालेलं असेल, तर मुलीला एकटीला आत पाठवू नका. गाडी लावून सोबत जा. बाईंना स्वतः सांगा, "आज आम्हाला उठायला उशीर झाला, तिची चूक नाही." डायरीतही तेच लिहा. पोट दुखत होतं, टायर पंक्चर झाला असलं काही लिहिलं की वर्गात विचारल्यावर ते खोटं मुलीला निभवावं लागतं. खरं कारण ऐकल्यावर बहुतेक बाई मान हलवून "जा बाळा, बस जागेवर" म्हणतात. नाही म्हणाल्या, तर त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला आपण तिथे उभे असतो.