दहा कोटींचा खेळाडू आणि सव्वा कोटीचा खर्च
(वाचकांचे प्रश्न : फुटबॉल क्लबांचा हिशेब)

चेल्सीने 2023 च्या जानेवारीत एकट्या एन्झो फर्नांडेझसाठी दहा कोटी पौंडांवर पैसे मोजले. मुद्रिक आणि बाकीची फौज वेगळीच. त्यांचा एकही गुण कापला गेला नाही. एव्हर्टनने त्यामानाने किरकोळ खर्च केला, तर 10 गुण गेले. हा कुठला न्याय?
– एक वाचक, सांगली

गुण कापण्याचा प्रीमियर लीगचा (इंग्लंडच्या अव्वल लीगचा) नियम खर्चाला नव्हे, तोट्याला लागतो. तीन हंगामांचा मिळून तोटा 10.5 कोटी पौंडांच्या आत हवा. त्यातलेही फक्त दीड कोटी विनाअट आहेत. उरलेल्या 9 कोटींसाठी मालकाने भागभांडवल म्हणून स्वतःचा पैसा ओतावा लागतो. अकादमी, महिला संघ आणि स्टेडियमची बांधणी यांवरचा खर्च या तोट्यातून वगळतात.

आता एन्झो. किंमत 10.68 कोटी, करार साडेआठ वर्षांचा. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत समान वाटून दरवर्षी खर्ची टाकतात. यंत्राचा घसारा काढतात तसाच हा हिशेब, त्याला ॲमॉर्टायझेशन म्हणतात. म्हणजे चेल्सीच्या खात्यावर वर्षाला पडतात साधारण 1.26 कोटी. करार पाच वर्षांचा असता तर 2.14 कोटी पडले असते. अशा डझनभर खेळाडूंवर वर्षाकाठी किती फरक पडेल, तुम्हीच बघा. ही पळवाट पुढे बुजवली गेली. करार कितीही लांब असो, किंमत जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागायची, असे आधी यूएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघाने) आणि 2023 च्या डिसेंबरात प्रीमियर लीगनेही ठरवले. आधी झालेल्या करारांना मात्र हात लावला नाही.

लांब करारातली मेख पुढे बाहेर येते. तीन वर्षांनी एन्झोची पुस्तकी किंमत (खर्ची टाकायचा राहिलेला भाग) अजून 6.9 कोटी उरते. पाच वर्षांच्या हिशेबात ती 4.27 कोटींवर आली असती. याच्या खाली विकला की फरक थेट तोट्यात. शिवाय पगार साडेआठ वर्षे चालूच. फसलेल्या खेळाडूच्या बाबतीत असा करार क्लबच्याच गळ्यात पडतो.

चेल्सीने आणखी एक गोष्ट केली. स्टेडियमलगतची दोन हॉटेले 7.65 कोटी पौंडांना स्वतःच्याच भगिनी कंपनीला विकली, नंतर महिला संघही मूळ कंपनीकडे वळवला. या खिशातून त्या खिशात गेलेला पैसा नफा म्हणून दिसला आणि प्रीमियर लीगच्या नियमात तो बसला. यूएफाने तो धरला नाही. 2025 च्या जुलैत त्यांनी चेल्सीला 3.1 कोटी युरोंचा दंड केला. तेव्हा अगदीच कोरडे सुटले असे नाही.

एव्हर्टनचा खर्चही किरकोळ नव्हता. 2016 नंतर त्यांनी महागडे, वय उतरणीला लागलेले खेळाडू मोठ्या पगारांवर घेतले आणि ते विकताना दाम आले नाही. मोजलेला तोटा 12.45 कोटी भरला, मर्यादेपेक्षा 1.95 कोटी जास्त. नव्या स्टेडियमपायी भरलेले व्याज वगळावे, हा त्यांचा युक्तिवाद प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने मानला नाही. 2023 च्या नोव्हेंबरात 10 गुण कापले, अपिलात ते 6 झाले, आणि पुढच्या कालावधीसाठी एप्रिल 2024 मध्ये आणखी 2 गेले. शिक्षा किती गुणांची, याचे कोष्टक आधी छापलेले नव्हते. गुडिसन पार्क या एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर ‘भ्रष्ट’ लिहिलेली गुलाबी कार्डे फडकली ती या कारणाने, आणि त्या तक्रारीत आमच्या मते तथ्य होते.

2026-27 पासून ही पद्धत बदलावी, असे क्लबांनी 2025 च्या नोव्हेंबरात मतदान करून ठरवले. यापुढे संघावरचा खर्च (पगार, किमतीचा वार्षिक हिस्सा, एजंटांचे पैसे) फुटबॉलमधून आलेल्या उत्पन्नाच्या 85 टक्क्यांत बसवायचा.

आमच्याकडे तालमीच्या संघात पेठेतला पोरगा आला की अख्खी पेठ मैदानावर येते. इंग्लंडमध्ये मात्र घरचेच पोरगे आधी विकतात. असे का?
– एक वाचक, कोल्हापूर

कारण त्याची पुस्तकी किंमत शून्य असते. बाहेरून 5 कोटींना पाच वर्षांसाठी घेतलेला खेळाडू तीन वर्षांनी 5 कोटींनाच विकला, तर नफा 3 कोटी दिसतो, कारण 2 कोटी अजून वसूल व्हायचे असतात. अकादमीतला मुलगा 5 कोटींना गेला तर सगळेच्या सगळे 5 कोटी नफा, आणि तोही त्याच वर्षात. न्यूकॅसलने 2024 मध्ये इलियट अँडरसन हा गावचा पोरगा नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला तो याच गणितामुळे. बहुतेक क्लबांचे वर्ष 30 जूनला संपते, म्हणून असले सौदे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उरकतात. त्याच जूनमध्ये ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन यांनी एकमेकांचे तरुण खेळाडू (इरोग्बुनाम आणि डॉबिन) घेतले. दोन्हीकडे विक्रीचा नफा लगेच, खरेदीचा खर्च कराराच्या वर्षांत विभागून. नियम पाळल्याचा कागद तयार.

तारीख चुकली की काय होते, ते फॉरेस्टने दाखवले. तीनपैकी दोन हंगाम ते खालच्या लीगमध्ये होते. तिथली मर्यादा वर्षाला 1.3 कोटी, प्रीमियर लीगची 3.5 कोटी, म्हणून त्यांची एकूण मर्यादा 6.1 कोटीच होती. तोटा निघाला 9.55 कोटी. अकादमीतला ब्रेनन जॉन्सन त्यांनी टॉटनहॅमला 4.75 कोटींना विकला, पण 1 सप्टेंबर 2023 ला. जूनमध्ये विकला असता तर कमी पैसे मिळाले असते, म्हणून थांबलो, हे त्यांचे म्हणणे. व्यापार म्हणून ते शहाणपणाचेच होते. पण हिशेबाचे वर्ष संपून दोन महिने झाले होते. 4 गुण गेले. तरी ते लीगमध्ये टिकले, हा भाग वेगळा.

मग नको असलेला खेळाडू फुकट का देऊन टाकत नाहीत? आम्ही वर्षानुवर्षे तेच चेहरे बघतो.
– एक वाचक, पुणे

फुकट दिला तर उरलेली सगळी पुस्तकी किंमत त्याच वर्षी तोट्यात जाते. दुसरी अडचण पगाराची. आठवड्याला दीड लाख पौंड, म्हणजे वर्षाला 78 लाख घेणारा खेळाडू 80 हजार देणाऱ्या क्लबकडे आपणहून कशाला जाईल? त्यामुळे त्याला कर्जाऊ, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला, पाठवतात आणि पगाराचा काही वाटा स्वतः भरतात. कराराचे शेवटचे वर्ष आले, पुस्तकी किंमत खाली आली, की मग दरवाजा उघडतो. चाहत्यांनी चिडायचेच असेल तर विक्री होत नाही यावर नको. ज्याने हा पगार कबूल केला त्याच्यावर चिडावे.

मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मधेच तिकीट 66 पौंड केले. तोटा भरून काढायला हे गरजेचे नव्हते का?
– एक वाचक, ठाणे

आकडे मांडू. 2023-24 मध्ये युनायटेडचे उत्पन्न 66.18 कोटी पौंड, पगार 36.47 कोटी, निव्वळ तोटा 11.32 कोटी. 2024-25 च्या हंगामात, सुरू झाल्यावर, उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला. आधी मोठ्यांना 40 पासून आणि मुलांना 25 पासून मिळत होती. समजा, अशी 2,000 तिकिटे एका सामन्याला विकली आणि प्रत्येकी 26 पौंड जादा आले. दहा सामन्यांचे 5.2 लाख पौंड झाले.

याच क्लबने जुलै 2024 मध्ये प्रशिक्षक टेन हाग यांचा करार वाढवला आणि 28 ऑक्टोबरला त्यांना काढले. त्यांना आणि सहकाऱ्यांना निरोप द्यायला 1.04 कोटी पौंड लागले. वरच्या गृहीतकाने ही रक्कम तिकिटांतून जमवायला वीस हंगाम लागतील. नाराजी 66 च्या आकड्यावर कमी आणि या गुणोत्तरावर जास्त होती. त्यात 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेताना काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी टाकला, त्याचे व्याज क्लब भरतो आहे, ही जुनी जखम.

दरवाढ मागे घेतल्याची उदाहरणे आहेत. 6 फेब्रुवारी 2016 ला 77 पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक 77 व्या मिनिटाला उठून गेले. संघ 2-0 ने पुढे होता, सामना 2-2 सुटला, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून प्रस्ताव गुंडाळला. रिकाम्या खुर्च्या थेट प्रक्षेपणात दिसतात, हे त्यामागचे व्यवहारी कारण.

निषेध म्हणून आम्ही जर्सी घेणे बंद केले तर?
– एक वाचक, दुबई

क्लबला लगेच झळ बसणार नाही. युनायटेडचा आदिदासशी करार 2035 पर्यंत दहा वर्षांसाठी किमान 90 कोटी पौंडांचा आहे. ती रक्कम तुमच्या एका जर्सीवर ठरत नाही. त्याच करारात चॅम्पियन्स लीग हुकली की त्या वर्षाचे 1 कोटी पौंड कापण्याची तरतूद आहे. ती जास्त बोचते.

इंग्लंडचे पुरे. आपल्याकडचे क्लब का बंद पडतात?
– एक वाचक, मडगाव

तिथे जास्त पैसा चुकीच्या जागी जातो; इथे पैसा येण्याची वाटच अरुंद आहे. प्रक्षेपणाचे उत्पन्न तोकडे, खेळाडूविक्रीचे नगण्य, म्हणून सगळी मदार मालकाच्या मर्जीवर. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला महिंद्र युनायटेड 2010 मध्ये मालक कंपनीनेच बंद केला. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा 2016 मध्ये आय-लीगमधून (तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून) बाहेर पडले. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या रचनेत त्यांना वरच्या पायरीवर जागा उरत नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा 15 वर्षांचा करार संपला आणि त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला 65 टक्के हिस्सा सोडला. इथल्या चाहत्याची तक्रार ‘उधळपट्टी’ ही नाही, ‘पुढचा हंगाम कधी’ ही आहे.

क्लबचा ताळेबंद सामान्य माणसाला बघता येतो का? नेमके काय बघावे?
– एक वाचक, नाशिक

येतो, आणि फुकट. ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबचे नाव शोधा. एकाच क्लबच्या चार-पाच कंपन्या दिसतील. त्यातली ‘होल्डिंग्ज’ किंवा सर्वांत वरची उघडा आणि ‘ग्रुप’ हिशेब उतरवून घ्या, नाहीतर अर्धेच चित्र मिळते. युनायटेडची मूळ कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात असल्याने त्यांचे तिमाही निकाल गुंतवणूकदारांच्या पानावर मिळतात.

सुरुवातीचे अध्यक्षांचे मनोगत सोडून द्या. थेट मागच्या टिपांकडे जा. कर्मचारी खर्चाला एकूण उत्पन्नाने भागा; 70 टक्क्यांच्या वर गेले की सावध व्हा. या आकड्यात स्वयंपाक्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळे येतात, तो फक्त खेळाडूंचा पगार नव्हे. मग ‘अमूर्त मालमत्ता’ या टिपेत खेळाडूंची उरलेली पुस्तकी किंमत बघा. देण्यांमध्ये इतर क्लबांना द्यायचे हप्ते असतात. खरेदीचे पैसे सहसा दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी जातात, त्यामुळे नफा दिसत असूनही तिजोरी रिकामी असू शकते, आणि ‘यंदा खरेदी का नाही’ याचे उत्तर बहुतेकदा इथेच मिळते. शेवटी ‘ताळेबंदानंतरच्या घटना’ वाचा : जुलै-ऑगस्टमधली खरेदी-विक्री तिथे एका परिच्छेदात असते.

खासगी कंपनीला वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांची मुदत असते. जूनअखेरचे हिशेब त्यामुळे साधारण मार्चच्या शेवटी हाती येतात.