कॉकटेल पोपट पाण्याला घाबरतो. धरून नळाखाली अंघोळ घातली तर सवय होईल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा कॉकटेल आठ-नऊ महिन्यांचा आहे, स्प्रेची बाटली दिसली की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन फिस्कारतो, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "एकदा धरून नळाखाली घाला, आपोआप सवय होईल." सवय कशी लावायची आणि आठवड्यातून किती वेळा अंघोळ घालायची, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पण ते नळाचं वाक्य वाचलं आणि मला लिहायला बसावंच लागलं. शब्द न शब्द तेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय.

नळाखाली धरू नका. एकदाही नाही, "बघू तरी" म्हणूनही नाही.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. ओला, निसटणारा पक्षी धरताना माणूस मूठ आवळतोच, आणि मूठ आवळली की त्याचा श्वास अडतो. वरून धार सोडलेली असेल तर चोचीच्या वर उघड्या असलेल्या नाकपुड्यांतून पाणी आत जातं. तो ओरडत असतो, म्हणजे चोचही उघडीच. इतकं सगळं एका मिनिटात होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, नाटकं करतोय.

आमचं घर गुहागरच्या बाजूला. आमच्याकडे चाफा आहे. लुटिनो कॉकटेल, अंगाने पांढरट पिवळा, गालांवर नारिंगी ठिपके. गणपतीत आमचं घर भरतं, चाकरमानी येतात, पडवीपासून माजघरापर्यंत अंथरुणं पडतात. त्या वर्षी मुंबईहून मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाई आणि मुलं आली होती. चाफ्याचा पिंजरा पडवीत टांगलेला. ज्यांनी कॉकटेल पाळलाय त्यांना माहीत आहे की याच्या अंगातून पांढरी भुकटी पडते. काही पिसांची टोकं झिजून ती तयार होते आणि तिनेच तो आपली बाकीची पिसं राखतो. गडद शर्टावर बसला की खांद्यावर तांदळाचं पीठ सांडल्यासारखं दिसतं. त्यात काही घाण नाही, उलट निरोगी पक्ष्याची ती खूण आहे. पण जाऊबाईंच्या धाकट्याला शिंका यायला लागल्या आणि भाऊजी म्हणाले, "याला अंघोळ कोणी घालतं की नाही?"

मी स्वयंपाकघरात उकड मळत होते, दोन्ही हात तेलापाण्याचे. न्हाणीतून चाफ्याचा आवाज आला. कॉकटेल एरवी शीळ घालतो, घाबरला तर फिस्कारतो. हा आवाज दोन्हींतला नव्हता. मी धावले. भाऊजींनी त्याला पंच्यात गुंडाळून नळाखाली धरलं होतं, वरून धार चालू. तुरा डोक्याला चिकटलेला, चोच उघडी आणि एव्हाना आवाजही बंद. मी पंच्यासकट त्याला ओढून घेतलं. पाठीवरची पिसं चिकटून खालची गुलाबी कातडी दिसत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत होती. पक्षी बसल्या जागी असा शेपटीने श्वास घ्यायला लागला की त्याला दम लागलाय, हे समजून घ्या.

मी त्याला कोरड्या सुती कपड्यावर एका खोक्यात ठेवलं, खोक्याच्या एकाच बाजूला पिवळा बल्ब लावला म्हणजे गरम झालं तर दुसरीकडे सरकता येईल, आणि खोलीला कडी घातली. पुसायला गेले नाही, कुरवाळायला गेले नाही. तशा वेळी माणसाचा हात हीच त्याची भीती असते. रत्नागिरीतल्या एका पशुवैद्यांना फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं, ऊब आणि शांतता. आरती झाली, जेवणं झाली, तेव्हा कुठे त्याची शेपटी थांबली.

घरात त्या दिवशी चर्चा झाली ती मात्र मी थोरल्या दिरांच्या हातातून वस्तू ओढून घेतली याची. आणि भाऊजींचं म्हणणं, "आम्ही लहानपणी पोपटाला बादलीत बुचकळून काढायचो, त्याला काही झालं नाही."

या "काही झालं नाही"चं उत्तर मला इथे द्यायचंय, कारण तुमच्या घरचेही उद्या तेच म्हणतील. तो पोपट माडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला होता. सासूबाईंनीच मला सांगितलंय, दुसरा पावसाळा त्याने पाहिला नाही. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला मिळाला, घरातल्यांनी दृष्ट लागली म्हटलं आणि दुसरं पिल्लू आणलं. नीट राखलेला तसा पोपट वीस-पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे काहीतरी झालं होतं, फक्त ते अंघोळीशी कोणी जोडलं नाही. आता तोच बुचकळण्याने गेला असं मी छातीठोक म्हणणार नाही, त्याला कदाचित निव्वळ मिरच्या आणि भातच खायला मिळत असेल. पण ज्या घरात पोपट दीड वर्षात जातो, त्या घराने पोपट कसा राखावा हे दुसऱ्याला शिकवू नये.

पुढचे कित्येक महिने चाफा पंचा दिसला की पिंजऱ्याच्या जाळीवर आपटायचा. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर बसून जो पेपर कुरतडायचा, तो पुरुषाचा हात जवळ आला की चावायला लागला. न्हाणीत बादली भरायला लावली तरी पडवीत फिस्कार सुरू. ही ती "सवय". धरून अंघोळ घातल्याने एवढीच सवय लागते.

आता मी काय केलं ते सांगते. एकच नियम ठेवला: पाण्यापाशी जायचं की नाही हे तो ठरवणार. मातीचं परळ घेतलं, कारण स्टीलच्या ताटलीत पाय घसरतो आणि घसरला की पक्षी पुन्हा त्यात उतरत नाही. पाणी जेमतेम पावलं बुडतील इतकं, मधे एक चपटा दगड. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून परळ समोर जमिनीवर ठेवायचं आणि मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. मधूनच बोटं पाण्यात बुडवून खळखळ करायची, त्याच्याकडे बघायचंही नाही. आधी तो दुरून बघायचा. मग काठावर बसून पाणी प्यायला लागला. त्यावर मी खूष होते.

परळाशी जमत नसेल तर केळीचं पान घ्या. धुतलेल्या पानाचा तुकडा पाणी न झटकता पिंजऱ्याच्या दाराशी ठेवा. पुष्कळ कॉकटेल आणि बजी (ज्यांना आपल्याकडे दुकानात सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते) ओल्या पानावर अंग घासून भिजतात, त्यांना ती अंघोळ वाटतच नाही. ओल्या कोथिंबिरीची जुडी टांगली तरी चालते. अळूचं पान मात्र नको. पोपट चोच मारल्याशिवाय राहणार नाही आणि अळू खाजरं असतं.

चाफा खऱ्या अर्थाने भिजला तो पुढच्या मृगात. पहिल्या पावसात तारेवर बसलेले रानातले हिरवे पोपट तुम्ही पाहिले असतील. पंख पसरतात, शेपटीचा पंखा करतात, उलटे लटकतात, एकमेकांवर ओरडतात. त्या सकाळी पत्र्यावर सर सुरू झाली, समोरच्या तारेवर तोच गोंधळ, आणि पिंजऱ्यात चाफ्याने मान खाली घातली, खांदे उचलले आणि दोन्ही पंख अर्धे उघडले. पागोळ्यांचे तुषार पिंजऱ्यापर्यंत जेमतेम येत होते. मी पिंजरा हातभर पुढे सरकवला. तो जाळीला उलटा लटकला, डोकं तुषारांत घातलं आणि शीळ घालायला लागला. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. तिथे पाऊस झाला की हे पक्षी भिजतात आणि त्याच सुमाराला त्यांची वीणही होते. पाऊस त्याच्या रक्तात आहे, बादली नाही.

म्हणून स्प्रेची बाटली वापरायचीच असेल तर ती पावसासारखी वापरा. नोझल अगदी बारीक फवाऱ्यावर, नेम पक्ष्याच्या वर हवेत, म्हणजे तुषार वरून त्याच्यावर पडतील. तोंडावर कधीच नाही. तुमचा पक्षी बाटलीलाच घाबरतो म्हणताय, तर आधी बाटली नुसती पिंजऱ्यापासून लांब ठेवून द्या आणि रोज तिच्या शेजारी उभं राहून त्याला राळ्याची ओंबी द्या. मग लांबच्या कुंडीवर फवारा मारा, त्याला बघू दे, आवाज ऐकू दे. तुरा बघत राहा. तुरा डोक्यावर सपाट आवळून फिस्कारतोय म्हणजे थांबा. एकदम ताठ उभा राहिला म्हणजे दचकलाय, तेव्हाही थांबा. तुरा सैल, किंचित मागे झुकलेला आणि पिसं जरा फुलवलेली असली तर एक फवारा वर. तो सरकला तर त्याच्या मागे बाटली फिरवू नका. याला किती दिवस लागतील ते पक्ष्यावर आहे.

बाटली नवी आणा. आपल्याकडे घराघरांत आंब्याच्या फवारणीचं सामान असतं आणि "धुतलीय की" म्हणून कोणी तरी कीटकनाशकाचीच बाटली पुढे करतं. मोहोरावर फवारणी चालू असेल त्या दिवशी तर पिंजरा घराच्या आतच हवा. पाणी पिण्याचं घ्या. समुद्राकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ते पाणी पिसांना नको. साबण, शाम्पू, डेटॉल, कडुनिंबाचा काढा यांतलं काहीही नको, पिसांवरचं तेल त्याने जातं. हेअर ड्रायरही नको. काहींच्या आत नॉनस्टिक तव्यासारखा लेप असतो, तो तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो. नॉनस्टिक तवा जळला तर त्याच घरातला पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो, हे तर प्रत्येक पक्षी पाळणाऱ्याला माहीत असायला हवं.

किती वेळा? आठवड्यातून एकदा-दोनदा संधी द्यायची. वैशाखात तो रोज मागेल, रोज द्या. आषाढ-श्रावणात, जेव्हा दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तेव्हा हलका फवारा पुरे आणि तोही सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, म्हणजे सूर्य मावळायच्या आत तो खडखडीत कोरडा होईल. ओल्या पिसांनी रात्र काढू देऊ नका. दमट हवेत पक्ष्याच्या फुप्फुसात बुरशी धरते आणि ती बरी करणं फार कठीण असतं. अंघोळीच्या वेळी पंखा बंद. पिसं गळून नवी येत असतील तर भिजणं विशेष चांगलं, नव्या पिसावरचं कवच मऊ होऊन सुटतं. आजारी पक्षी आणि पिसं न फुटलेलं पिल्लू यांना अंघोळ नाही.

एक राहिलं. तुम्ही कॉकटेल म्हटलंय म्हणून मी एवढं लिहिलं. हेच वाचून कोणी गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा पोपट अंघोळीला काढणार असेल, तर तो पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला वनखात्याकडे द्या. स्वतः सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

भाऊजी अजून म्हणतात की मी त्याला लाडावून ठेवलाय. जाऊबाई हे उत्तर वाचतील आणि त्यांना दाखवतीलही, दाखवू देत. चाफा आज परळात स्वतः उतरतो, पंख आपटून माझं निवडलेलं धान्य भिजवतो आणि कोणाच्याही हाताला न लागता स्वच्छ राहतो. ज्याला वाटतं की जोर केल्याशिवाय जनावर शिकत नाही, त्याने एकदा येऊन बघावं.

तुमच्या घरच्यांशी वाद घालत बसू नका, वादाने काही होत नाही. सणाला घर भरलं की पिंजरा आतल्या खोलीत न्या. धूप-अगरबत्तीचा धूरही तिथे कमी लागतो, तेवढं कारण सांगायला पुरतं. दाराला कडी घाला आणि किल्ली-कुलूप असेल तर तेही लावा. पाहुण्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.