नागपुरात कॉलेज टीम्सचे फोटो काढून फ्रीलान्स काम मिळते का? सात सीझन करून राहिलो, म्हणून लिहितो

तुझा प्रश्न थोडक्यात असा की बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, एक क्रॉप सेन्सर (म्हणजे छोट्या सेन्सरचा) कॅमेरा नि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, नागपुरातल्या कॉलेजांच्या टीमचे फोटो काढून पैसे मिळतील का, सुरुवात कशी करायची नि पुढची लेन्स कोणती घ्यायची. मी तुझ्याहून मोठा आहे म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

मिळतात भाऊ. पण घर पूर्ण याच्यावर चालत नाही हे आधीच सांगून देतो. माझे निम्म्याहून जास्त पैसे लग्नांतून येतात, नि कॉलेजचं काम साधारण ऑगस्टपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या इंटर-कॉलेजिएट सुरू झाल्या की मग सिलेक्शन होऊन विद्यापीठाची टीम वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाईपर्यंत. त्यानंतर परीक्षा, मग आपलं ऊन, तेव्हा दुपारी ग्राउंडवर चिटपाखरू नसते. तरी मी हे काम सोडलं नाही, नि सोडणारही नाही, कारण या पोरांचे चांगले फोटो काढणारं कोणीच नसते. रणजी खेळणाऱ्याचा फोटो दहा जण काढतात, पण इंटर-कॉलेजिएट खो-खोत सूर मारून गडी बाद केलेल्या पोराचा फोटो त्याच्या मित्राने मोबाइलवर काढला असंल तरच असतो, तोही हललेला.

लेन्सचं शेवटी सांगतो. त्याच्याआधी खेळ. तुला खेळ किती कळतो याच्यावर फोटो ठरते, कॅमेऱ्यावर नंतर.

खो-खोचंच घे. चेझर, म्हणजे पाठलाग करणारा, एकदा वळला नि त्याने दिशा घेतली की खो देईपर्यंत किंवा पोल ओलांडेपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही, हा नियम ज्याला माहीत आहे तो फोटोग्राफर मधे उभा राहून इकडून तिकडे कॅमेरा फिरवत नाही, तो एका पोलच्या तिरप्या बाजूला खाली बसतो नि वाट पाहतो, कारण पळणारा शेवटी पोलला वळसा मारणार नि चेझर तिथेच सूर मारणार. पोल जेमतेम १२० सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे उभं राहून काढलं तं खेळाडू जमिनीत घुसल्यासारखे दिसतात. बसून काढ, जमलं तं झोपून. कबड्डीत रेड ३० सेकंदांची, नि जिथे डू ऑर डायचा नियम लावतात तिथे दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडमध्ये पॉइंट आणावाच लागते, नाही तं रेडर बाद. म्हणजे तिसऱ्या रेडला काहीतरी होणारच आहे. नेमकं त्याच वेळी नवीन पोरं मान खाली घालून स्क्रीनवर आधीचे फोटो पाहत बसतात! मी दुसरी रेड रिकामी गेली की बोट बटनावरून काढत नाही.

आता एक प्रसंग सांगतो, त्याच्यामुळे माझी या कामाकडे पाहायची पद्धतच बदलली. मुलींची कबड्डी होती, एका कॉलेजच्या ग्राउंडवर मॅट टाकली होती. एका टीमची रेडर, बारकी पण भयंकर चपळ, सारखी बोनस मारायला जाये नि अंपायर काही बोनस देईना. बाहेरून पोरी ओरडून राहिल्या, वातावरण तापलं. मी साइडला पोटावर पडून काढत होतो. हाफटाइमला त्यांच्या कोच मॅडम आल्या नि म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे हिचे पाय आले का हो?" मी वीस-पंचवीस फ्रेम मागे गेलो, झूम केलं. पुढचा पाय बोनस लाइनच्या चांगला पार होता, पण मागच्या पायाचा अंगठा मॅटला टेकलेला, नुसता अंगठा. बोनस मिळायला समोर किमान सहा डिफेंडर पाहिजे नि मागचा पाय हवेत पाहिजे, अंपायर बरोबरच होते. मॅडमनी तिला बोलावून स्क्रीन दाखवली, ती काही बोलली नाही, स्वतःच दोनदा झूम करून पाहिलं, नि मग मॅटच्या बाहेर जाऊन आठ-दहा वेळा नुसता मागचा पाय उचलून पाहत राहिली, मोजे घातलेल्या पायाने, एकटीच. दुसऱ्या हाफला तिला एक बोनस मिळाला. मॅच हरले ते, पण पुढच्या सीझनला मॅडमनी मला टूर्नामेंटच्या आधीच फोन केला की प्रॅक्टिसला दोन दिवस या, पैसे देऊ, मला पोरींचे पाय नि हात कुठे चुकून राहिले ते पाहायचं आहे. तेव्हापासून कबड्डीत माझ्या फ्रेममधून पाय कधी कापले जात नाहीत. चेहरा छान येते म्हणून कंबरेपासून वर काढणारे पुष्कळ आहेत, पण कबड्डी पायाचा खेळ आहे.

एक पथ्य मात्र पाळ. मॅच चालू असताना कॅमेऱ्याची स्क्रीन घेऊन अंपायरकडे कधीच जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कोचला दाखव, तेही ब्रेकमध्ये. एकदा तू टेबलावर वाद घातला की पुढच्या मॅचला तुला दोरीच्या आत कोणी येऊ देणार नाही.

दुसरी गोष्ट नाव. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, दुसऱ्याच सीझनला. एका पेपरला मी सेमीफायनलचा फोटो दिला, जर्सी नंबर पाहून लिस्टमधलं नाव टाकलं, नि त्या दिवशी टीमने जर्सी आपसात बदलल्या होत्या कारण एकीची फाटली होती. फोटो एकीचा, खाली नाव दुसरीचं, छापून आलं. जिचा फोटो होता ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही, नुसतं म्हणाली की घरी दहा कॉप्या घेतल्या होत्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आता मी मॅचच्या आधी टीम लाइनमध्ये उभी करून प्रत्येकाचा एक साधा फोटो काढतो, समोरून, नंबर दिसेल असा, नि स्कोअरच्या टेबलावरच्या टीम लिस्टचाही एक फोटो. पाच मिनिटं लागतात. नाव देवनागरीत कसं लिहितात ते त्यांनाच विचारून घेतो. कॉलेजला फोटो पाठवताना फाइलच्या माहितीत नाव, कॉलेज, खेळ, तारीख भरूनच पाठवतो, म्हणजे तीन वर्षांनी कोणी मागितला तं सापडते.

प्रकाशाचं थोडक्यात. मोकळ्या ग्राउंडवर, रविनगरला म्हण की मानकापूरच्या क्रीडा संकुलात म्हण, सकाळी नऊच्या आत नि दुपारी चारनंतर काढलेलेच फोटो कामाचे, मधल्या वेळात चेहऱ्यावर काळी सावली पडते नि ऑक्टोबरमध्ये लांबून काढलं तं तापलेल्या जमिनीवरची हवाच हलते, फोकस चुकल्यासारखं दिसते, लेन्सचा दोष नसतो तो. शटर हजारला एक, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, पळण्याच्या शर्यतीला त्याहून जास्त वेगाचं. इनडोअर हॉलमध्ये आयएसओ (कमी प्रकाशात फोटो उजळ करणारी सेटिंग) ३२०० ते ६४०० लावायला घाबरू नको, दाणेदार फोटो चालते, हललेला नाही चालत. फ्लॅश बिलकुल नाही, डोळ्यावर फ्लॅश पडून शटल सुटलं तं त्या पोराचं नुकसान तू केलं. नि एक गंमत वाटंल तुला, काही हॉलमध्ये एकामागून एक काढलेल्या फोटोंत एक पिवळट, एक हिरवट, एक अंधारा असं येते. कॅमेरा बिघडला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा हलके एलईडी सेकंदात १०० वेळा कमी-जास्त होतात, आपल्याला दिसत नाही पण हजारला एकच्या शटरला दिसते. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असंल तं चालू कर, नसंल तं शटर कमी करून पाह्य नि बाकी फ्रेम जास्त काढ.

आता पैसे कोण देते. कॉलेज देते, स्पोर्ट्स डिपार्टमेंटच्या खर्चातून, पण तिथे डायरेक्टर सरांना, म्हणजे खेळ पाहणाऱ्या सरांना, पटलं तरी प्रिन्सिपलची सही नि मग अकाउंट्स, कोटेशन दे, बिल दे, दोन-तीन महिने सहज जातात. मी पहिल्या वर्षी एका मॅचचे ५०० घेतले, आता मॅचचे २,००० नि दिवसभराच्या टूर्नामेंटचे ४,००० घेतो, निम्मे आधी. कॉलेजला आणखी एक गोष्ट हवी असते जी फोटोग्राफर लोक देतच नाहीत. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फाइलला जिओटॅगवाले फोटो लागतात, ज्याच्यावर ठिकाण नि तारीख-वेळ छापून येते, ते आपल्या मोठ्या कॅमेऱ्यातून येत नाही. मी प्रत्येक कार्यक्रमात मोबाइलच्या जीपीएस कॅमेऱ्यातून आठ-दहा फोटो वेगळे काढून देतो, उद्घाटन, बॅनर, टीम, बक्षीस. दिसायला काही खास नसतात, पण याच्यासाठीच दोन कॉलेजांनी मला कायमचं धरलं आहे. खेळाडूंकडून मी फाइलचे पैसे घेत नाही, प्रिंट पाहिजे असंल तं प्रिंटचे घेतो.

हक्काचं मात्र नीट समजून घे. एका कॉलेजने माझे फोटो मला न विचारता ॲडमिशनच्या होर्डिंगवर लावले, भला मोठा, रस्त्यावर. मी भांडायला गेलो तं त्यांनी सांगितलं की आम्ही पैसे दिले होते, फोटो आमचे. नि कायद्याने ते बरोबर निघाले! कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १७ मध्ये आहे की कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला नि वेगळा काही करार नसंल तं पहिला मालक तो पैसे देणारा. तू स्वतःहून जाऊन, कोणाच्या सांगण्यावरून नाही, असा काढला तं मालक तू. म्हणून आता माझ्या कोटेशनमध्येच चार ओळी असतात, की कॉपीराइट माझा, कॉलेजला वेबसाइट, वार्षिकांक नि सोशल मीडियावर वापरायची परवानगी, जाहिरातीसाठी वेगळे पैसे. त्याच्यावर सही घेतो. व्हॉट्सॲपवर "ठीक आहे" असं आलं तरी जपून ठेवतो. बिलातून कधी टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला इन्कम टॅक्स, कापतात, तेव्हा पॅन दे नि रिटर्न भरताना तो परत माग, नवीन पोरं ते पैसे सोडून देतात.

मुलींच्या टीमचं वेगळं सांगतो कारण तिथे विश्वास एकदा गेला की गेला. कबड्डीत, कुस्तीत पकडीत कपडे सरकतात, ज्या फ्रेममध्ये असं काही आलं ती फ्रेम मी तिथेच कॅमेऱ्यात डिलीट करतो, घरी नेतच नाही, ॲक्शन कितीही भारी असो. इंस्टावर टाकायच्या आधी कोच मॅडमच्या ग्रुपवर टाकतो, कोणी नाही म्हटलं तं नाही. काही पोरी घरी न सांगता खेळायला येतात, हे तुला माहीत नसते, तुझ्या एका पोस्टने तिचं खेळणं बंद होऊ शकते. मी हे एका कोचकडून शिकलो, नि बरं झालं की आधीच शिकलो.

लेन्स. आत्ता काही मोठं घेऊ नको. ८५ एमएम, एफ १.८ वाली (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त आत येते) सेकंडहँड पाह्य, क्रॉप बॉडीवर कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, बॉल बॅडमिंटन सगळं निघते, साइडला बसायला जागा मिळाली की झालं. फुटबॉल-हॉकीला ती कमी पडते, तेव्हा ७०-२०० एफ २.८ एक दिवस भाड्याने आण, कामाच्या दिवशीच. क्रिकेट तं सध्या सोडच, तिथे त्याहूनही लांब लेन्स लागते. त्याच्याऐवजी पैसे एका जास्तीच्या बॅटरीत नि दोन मेमरी कार्डांत घाल, नि ऑगस्टच्या फुटबॉलसाठी रेनकव्हर घे, पावसाने माझी एक बॉडी गेली आहे.

नि सुरुवात तुझ्याच कॉलेजपासून कर. डायरेक्टर सरांना भेट, या सीझनचं वेळापत्रक माग, म्हण की पहिल्या दोन मॅचचे फोटो तसेच देतो, तिसऱ्यापासून बोलू. मी दोनच म्हणतो, कारण पाच-सहा फुकट दिल्या की मग पैशाचा विषय काढताच येत नाही. जायच्या आधी टीमची प्रॅक्टिस एक दिवस कॅमेरा बॅगेतच ठेवून पाह्य, कोण डावीकडून रेड टाकते, कोण अँकल होल्डला (घोटा पकडायला) बसते, कोण पॉइंट घेतल्यावर ओरडते. कबड्डीची तारीख आधी आली तं मला इथे कमेंटमध्ये सांग, मी शहरात असलो तं येतो, साइडला कुठे बसायचं ते तिथेच दाखवतो.