विचारा की! : घाटातली पद्मिनी, कर्जतचा वडा आणि काडेपेटीचे छाप

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की बाकरवडी चहात बुडवून खाल्ली म्हणून काही आभाळ कोसळत नाही, आणि त्यावर जी पत्रं आलीत ना, एका आजोबांनी तर अंकाचा तो कागदच घडी घालून परत पाठवलाय, त्यावर लाल पेनाने फुली. त्यामुळे या खेपेला बाकरवडीबद्दल अवाक्षर काढणार नाही. बाकी जे विचारलंय ते घेऊ.

साताऱ्याहून एक दादा: "ताई, गोल गोल फिरवू नका. वडापाव की मिसळ? एकच सांगा."

वडा. नुसता वडा, पाव नको. आणि तोही कर्जत स्टेशनवरचा.

आता सांगतेच. आम्ही पुण्याचे, आत्या डोंबिवलीला, त्यामुळे प्रत्येक सुट्टीत ती एकच वाट. परत येताना गाडी कर्जतला थांबायची ती माणसांसाठी कमी, इंजिनासाठी जास्त, कारण तिथून पुढे भोर घाट लागतो, 37 फुटांना 1 फूट असा चढ, पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. 1863 मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून घाट काही सपाट झालेला नाही, सो थांबावं लागतंच. आणि गाडी थांबली की वडेवाले. कागदावर तेलाचा डाग पसरत जातो, आत बोटाला चटका बसेल असा वडा आणि कोपऱ्यात लाल सुकी चटणी, बस्स. खाली उतरून वडे आणायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. एकदा तो वडे घेऊन वळला तर गाडी हलली, पठ्ठ्या समोर येईल त्या डब्यात चढला, इकडे आईचा जीव टांगणीला, साखळी ओढू का ओढू का करत उभी, आणि हा डबे ओलांडत ओलांडत खंडाळ्याच्या आसपास हजर. हातात चार वडे. पैसे सहाचे दिले होते. उरलेले दोन कुठे गेले ते त्याच्या लग्नात विचारलं तरी सांगितलं नाही.

वडापावचं श्रेय दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना देतात, साल 1966, त्याबद्दल मला आदर आहे, पण पाव आला की पोट पावाने भरतं आणि वडा बिचारा उपरा होतो, हे माझं मत.

मिसळीचं म्हणाल तर मी घाबरते. तिच्यावरच्या तिखट रश्श्याला कोल्हापुरात कट म्हणायचं, पुण्यात सँपल मागायचं, नागपुरात तर्री, आणि ती तर्री ते लोक पोह्यांवरही ओततात, चुकीच्या गावात चुकीचा शब्द वापरला की वाढणारा माणूस तुमच्याकडे असा बघतो की बास. पावाचंही तसंच, कुठे ब्रेडच्या स्लाइस, कुठे पाव. मी जिथे जाईन तिथे जे देतील ते मुकाट खाते.

नांदेडचा एक वाचक: "तुमची ड्रीम कार कोणती? माझी थार आहे. (घेतलेली नाही, फक्त वॉलपेपर.)"

वॉलपेपर छानच की, ईएमआय नाही.

माझी ड्रीम कार आमच्याकडे होती आणि ती आम्ही विकली. प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलर, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. तुझ्या पिढीला पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी एवढंच आठवत असेल, त्याही गेल्या आता, शेवटच्या टॅक्सीचं रजिस्ट्रेशन ऑक्टोबर 2003 चं, मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या शेवटी संपलं. पण घरगुती पद्मिनी हा वेगळा प्रकार होता रे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, कंपनी वालचंद हिराचंदांची, म्हणजे मूळ माणूस आपला सोलापूरचा. डिझाइन मात्र इटलीच्या फियाटचं. 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी ठेवलं पण आमच्या आळीत शेवटपर्यंत कुणी पद्मिनी म्हटलं नाही, "फियाट आहे त्यांच्याकडे" असंच. त्याच्याही आधीची गुबगुबीत फियाट होती तिला डुक्कर फियाट म्हणायचे, प्रेमाने हं.

पुढचं सीट सलग, सोफ्यासारखं. गिअर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, दांडीसारखा. त्यामुळे पुढे तिघं आरामात, मधे मी. दारात ती छोटी तिकोनी काच, ती फिरवली की वारा थेट तोंडावर, हाच आमचा एसी. सकाळी गाडी सुरू करायला चोक ओढायचा, किती ओढायचा ते फक्त बाबांना माहीत, जास्त ओढला की पेट्रोलचा वास आणि मग बाबा दहा मिनिटं कुणाशी बोलायचे नाहीत.

आणि घाट! एक्स्प्रेस वे तेव्हा कुठला, तो 2002 मध्ये पूर्ण झाला, आम्ही जुन्या हायवेने. खोपोली सोडली की आई मनातल्या मनात स्तोत्र सुरू करायची आणि बाबा टेंपरेचरच्या काट्याकडे बघायचे. मे महिन्यात हमखास निम्म्या घाटात गाडी आचके द्यायची आणि बंद. म्हणजे रेडिएटर उकळला असं वाटेल, तसंही व्हायचं, पण बऱ्याचदा कारण दुसरंच, इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप इतका तापायचा की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, वाफ झाली की पंप ओढणार काय? मेकॅनिक लोक त्या पंपाला एसी पंप म्हणायचे. गाडीत एसी नाही आणि एसी पंप आहे, हा आमच्या घरातला न संपणारा विनोद. उपाय काय, तर मी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा, बाबा बोनेट उघडणार, आई डिकीतून पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं काढणार, फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचं. चर्र असा आवाज यायचा. मग पंधरा-वीस मिनिटं कठड्यावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. फडकं सुकलं की पुन्हा ओलं. तेवढ्यात शेजारून एखादी मारुती 800 सुळकन वर जायची आणि बाबा म्हणायचे, "पत्र्याचा डबा आहे नुसता." 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुतीची चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली आणि तिथून पुढे सगळ्या फियाटवाल्यांना हेच वाक्य म्हणावं लागलं. आमच्या बाबांनी पंधरा वर्षं म्हटलं आणि मग मारुतीच घेतली.

परवा माझ्या गाडीत ते चालवायच्या सीटवर बसले, उगाच, पार्किंगमध्ये, गाडी बंद. ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे डाव्या हाताला तसं काहीच काम नाही. तर तो हात स्टिअरिंगमागे जाऊन गिअर शोधत होता. मी काही बोलले नाही. तू थार घे बाबा, जमली तर.

इचलकरंजीहून दहावीतली एक मुलगी: "आई म्हणते रील्स बघणं हा छंद नाही. मग तुमच्या वेळी कोणते छंद होते? सगळ्यांना तबला यायचा का?"

कुणाला काही यायचं नाही गं. मला पेटीच्या क्लासला घातलं होतं, सा रे ग म च्या पुढे मी आणि पेटी दोघींनी हाय खाल्ली.

माझा खरा छंद म्हणजे काडेपेटीचे छाप. रस्त्यात, पानाच्या टपरीमागे, कुठेही रिकामी काडेपेटी दिसली की उचल. जुन्या पेट्या लाकडाच्या पापुद्र्याच्या असायच्या, वर कागद चिकटवलेला, त्या वाटीभर पाण्यात भिजत घालायच्या, कागद सुटला की अलगद सोलून खिडकीच्या काचेवर चिकटवायचा, वाळला की आपोआप गळून पडतो. नंतर पुठ्ठ्याच्या आल्या, त्या सरळ कात्रीने कापायच्या. कोपरा फाटला तर किंमत निम्मी. किंमत म्हणजे आमचीच आपली, रोज दिसणारा छाप एकाचा, न दिसणारा शंभराचा, आणि भाव ठरवणारी आमच्या वाड्यातली सगळ्यात मोठी मुलगी, जिच्याकडे जो छाप असेल तो आपोआप शंभराचा व्हायचा. अंबरनाथला विमको कंपनीचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता, तिथे आजही विमको नाका म्हणतात, तर आत्याच्या शेजारच्या काकांचा कुणीतरी तिथे कामाला होता आणि त्याने मला एकदा न घडी घातलेले कोरे छाप आणून दिले. सात. त्या मे महिन्यात वाड्यात माझा जो रुबाब होता तो नंतर नोकरीतल्या प्रमोशननेही आला नाही.

आता काडेपेटी दोन रुपयांना झालीय, 14 वर्षं एक रुपया होती, 1 डिसेंबर 2021 ला वाढली. शिवकाशीच्या पेट्यांवर अजूनही भन्नाट चित्रं येतात, बघ एकदा नीट. आणि आईला सांग, रिकामी काडेपेटी खिशात घालून घरी येणाऱ्या मुलीलाही तेव्हा हा छंद नाही हेच ऐकावं लागायचं.

नागपूरचे एक काका: "हल्लीची गाणी लक्षात राहत नाहीत. तुमचं काय मत? गीतमाला ऐकायचात का?"

काका, माझ्या मुलाला हल्लीची पाठ आहेत, तुम्हाला-मला राहत नाहीत हा गाण्यांचा दोष की आपला ते जाऊ द्या.

गीतमाला ही बाबांची, माझ्या वाट्याला शेपूट आलं. पण गंमत बघा, हिंदी गाण्यांना नंबर देणारा हा कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला रेडिओ सिलोनवर, कारण आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार बंद. आणि दार बंद करणारे मंत्री कोण, तर बा. वि. केसकर, आपलेच मराठी! त्यांना शास्त्रीय संगीत हवं होतं, लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावीच लागली. बाबा सांगतात बुधवारी रात्री आठला दुकानाबाहेर माणसं उभी असायची, शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा जायचा, नेमका पहिल्या नंबराच्या वेळी गडप. निवेदक अमीन सयानी आधी बहनों म्हणायचे आणि मग भाइयों, यावर आजी जाम खूश. 2024 च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो कापून ठेवला.

माझा जमाना कॅसेटचा. पुण्याच्या तापकीर गल्लीतून बाबांनी फियाटला टेप बसवून घेतला, त्यात एकच कॅसेट अडकून बसली होती आणि दोन वर्षं आम्ही तीच ऐकली, ए साइड लोणावळ्यापर्यंत, बी साइड पनवेलपर्यंत. टेपची फीत बाहेर आली की नटराज पेन्सिल घालून गुंडाळायची, षटकोनी पेन्सिल त्या दात्यांत अगदी फिट्ट. आणि विकतच्या कॅसेटवर रेकॉर्ड करायचं असेल तर मागची दोन भोकं कागदाच्या बोळ्याने बुजवायची. अशीच मी बाबांची नाट्यगीतांची कॅसेट बुजवली आणि त्यावर छायागीत रेकॉर्ड केलं, टीव्हीसमोर टेप धरून, मधे आईची "कुकर बंद कर गं" अशी हाकही आहे. ती कॅसेट अजून आहे. वाजवायला काही नाही.

न्यू जर्सीहून एक वहिनी: "दिवाळीचा चिवडा तिसऱ्या दिवशी मऊ पडतो. सासूबाईंचा पंधरा दिवस कुरकुरीत. हवेचा दोष का?"

हवेचा नाही वहिनी, मिरची-कढीपत्त्याचा. त्यांच्यातलं पाणी. फोडणीत मिरची पांढुरकी होऊन कडक होईपर्यंत थांबा, कढीपत्ता बोटाने मोडला पाहिजे, नुसता तडतडला की झालं असं नाही. पातळ पोहे आधी कोरडेच, अगदी मंद आचेवर, किंवा ओव्हनमध्ये कमी हीटवर पसरून, हातात चुरल्यावर भुगा होईपर्यंत. दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप वेगवेगळे तळा, खोबऱ्याला क्षणभर जास्त झालं की करपलंच. फोडणीत मीठ, पिठीसाखर घालून मग पोहे, झाऱ्याने ढवळू नका, पातेलं दोन्ही कानांना धरून उडवा. आणि पूर्ण, म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही. सासूबाई हे शेवटचं सांगत नाहीत, मला माझ्यांनी लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितलं.

शेवटचं, जयसिंगपूरहून, नाव न देता एकच ओळ: "लिहिताना काय खाताय?"

तुमच्याच गावची भडंग. वाटी नाही, थेट डब्यातून. एक दाणा की-बोर्डमध्ये 'श'च्या खाली गेलाय, तीनदा दाबल्यावर एकदा उमटतो, त्यामुळे या अंकात कुठे शेंगदाणा अर्धवट दिसला तर संपादकांना बोलू नका.